बदनाम मर्लिन

श्रीवत्सचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड होता, आणि त्याचा दोष कुणाचा याबद्दल नात्यागोत्यात कधी दुमत नव्हतं. लग्नामुंजीत एखादा नवखा पाहुणा दबक्या आवाजात चौकशी करी, तेव्हा उत्तर द्यायला पाच तोंडं एकदम उघडत. "ती गाडी हो! मर्लिन!"

मर्लिन ही विलायतेतल्या एका छोट्या कारखान्याची स्पोर्ट्स कार. दोघांपुरती, कापडी टपाची, बुटकी, आणि इंजिन पुढे नव्हे तर पाठीमागे. त्या काळी बेंगळुरात तशा तीन-चारच असतील. एक हेब्बाळकडच्या वळणावर उलटली, दुसरी तळ्याकाठच्या चरात गेली, आणि तिसरी श्रीवत्सच्या थोरल्या भावाची, वकील त्रिविक्रमरावांची. तेवढ्यावर गावानं तिचं बारसं करून टाकलं. "मर्लिन नव्हे, मरणलीन." मरण कन्नडमध्येही मरणच, त्यामुळे विनोद कुणाला उलगडून सांगावा लागला नाही.

ते साल पंच्याऐंशी. त्रिविक्रमरावांची वकिली नुकती जम धरत होती. चिक्कमगळूरचा एक कॉफीमळेवाला परदेशी निघाला तेव्हा त्याची गडद हिरवी मर्लिन त्यांनी हौसेनं घेतली. श्रीवत्स तेव्हा एका यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. आठवडाभर ड्रॉइंग बोर्डावर वाकायचं आणि रविवारी सावनदुर्गाचा खडक चढायचा, हा त्याचा नेम. कनकपुऱ्याला एका आप्ताकडचं बारसं उरकून दोघे भाऊ परतत होते. गाडी अण्णा, म्हणजे त्रिविक्रमराव, चालवत होते. एका उजव्या वळणावर गाडीचं मागचं अंग असं बाहेर फेकलं गेलं, जणू कुणी शेपटी धरून तिला गरकन फिरवलं. अण्णा नाचणीच्या शेतात जाऊन पडले, कोपर तेवढं खरचटलं. श्रीवत्सचा पाय दाराखाली सापडला.

पाय वाचला, डोंगर सुटले. अलकानं त्या लंगड्या पायासकट त्याला पसंत केलं. बनशंकरीला संसार थाटला, नोकरी झाली, निवृत्ती झाली. आयुष्य तसं गोडच गेलं. अण्णांनी मात्र पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. कोर्टात बसनं गेले, नाहीतर ऑटोनं. गाडी चामराजपेटेतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. 'चुकलो' हा शब्द त्यांनी तोंडातून कधी काढला नाही. पण दर वर्षी एका पायाचा तळ जाड असलेली बुटांची जोडी ते स्वतः चांभाराशेजारी बसून करून घेत, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी बनशंकरीला आणून देत. "घालून बघ. चावतो का?" एवढंच विचारत.

श्रीवत्सनं भावाला कधी दोष दिला नाही, हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. पण त्यानं गाडीलाही कधी दोष दिला नाही, हे कुणालाच समजत नसे. अपघाताआधीच्या महिन्यांत पहाटे म्हैसूर रोडला त्यानं ती कितीदा चालवली होती. मांजर मांडीवर बसावं तशी ती रस्त्यावर बसायची. मग टायर झिजले म्हणून नवे घातले, आणि त्याच आठवड्यात ते वळण आलं. जन्मभर दांडे आणि बेअरिंगं कागदावर काढलेल्या माणसाला एक गोष्ट खटकत राहिली: लोखंड एका आठवड्यात स्वभाव बदलत नाही.

गेल्या वर्षी चामराजपेटेतलं घर पाडून तिथं फ्लॅट बांधायचं ठरलं. अण्णांची मुलगी नीरजा सर्जापूर रोडला राहते, आयटीत आहे. तिनं वडलांना आपल्याकडे न्यायची तयारी केली. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. सामानाची वाटणी चालू असताना ते म्हणाले, "उद्या गुजरीवाला येतोय. ते मागचं भंगार त्याला देऊन टाकतो. त्यानं ते माझ्यादेखत चेचावं."

"मला द्या ती," श्रीवत्स म्हणाला.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वत्सा, ती गाडी माणसं खाते. तुझा पाय खाल्ला तिनं. आणखी काय द्यायचंय तिला?"

"उभी करून ठेवीन. दुसरं काय?"

अण्णा उठून आत गेले. "काय करायचं ते कर," असं दाराआडून ऐकू आलं, आणि तीच परवानगी समजून नीरजानं गाडी उचलून नेणारा ट्रक बोलावला.

घरी अलकाचा पारा चढला होता. "मेली ती मरणलीन माझ्या दारात नको. शेजारी काय म्हणतील? ज्यानं लाथ मारली त्याच गाढवाला म्हातारपणी घास भरवतोय?"

"स्वल्प दिवस, अलका. चालते का तेवढं बघतो."

"चालते म्हणूनच भीती वाटते," ती म्हणाली. पण गाडी उतरवली तेव्हा आतल्या उंदरांच्या घरट्यावर केरसुणी तिनंच फिरवली.

विल्सन गार्डनमधला हरी मेकॅनिक जुन्या गाड्यांच्या नादानं अर्धा वेडा झालेला. त्यानं इंजिन खोललं, गंजलेले पाइप बदलले. श्रीवत्सचा डावा पाय क्लचपर्यंत नीट पोचेना, म्हणून पेडलवर सागवानाचा ठोकळा बसवून दिला. इकडे नीरजानं गाडीचे फोटो जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवर टाकले. खाली 'ही चालवू नका', 'हिला म्युझियममध्येच ठेवा' असे सल्ले येऊन पडले. त्यात एक निराळा निरोप होता. म्हैसूरच्या डॉक्टर हेमलता यांचा. 'माझ्याकडेही मर्लिन आहे. रोज भाजी आणायला नेते. या बघायला.'

पुढच्याच रविवारी काका-पुतणी म्हैसूरला गेले. हेमलताबाई सत्तरी ओलांडलेल्या, केस कापलेले, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांची मर्लिन पिवळी होती आणि शेजारच्या सीटवर दोन नारळ होते. कॉफी यायच्या आधीच त्यांनी श्रीवत्सला विचारलं, "तुमच्या गाडीत पुढच्या चाकांना हवा किती भरत होता?"

"आधी मळेवाल्यानं भरलेलीच होती. नंतर चारी चाकांना सारखीच असणार. पेट्रोल बंकवर तशीच भरतात."

"झालं तर मग." त्यांनी हात झटकले. "अहो, हिचं सगळं ओझं पाठीवर आहे. नाक हलकं, शेपूट जड. पुढची चाकं मऊ ठेवायची, मागची टणक. पुढे जवळजवळ निम्मीच हवा. कारखान्यानं तसंच सांगितलेलं. माझ्या वडलांना हे ठाऊक होतं, म्हणून मी पन्नास वर्षं हिला चालवतेय आणि एक ओरखडा नाही. पण इथं कोण ऐकतो? टायर मऊ दिसला की बंकवाला दयाळूपणानं फुगवतो. मग पुढची चाकं रस्ता घट्ट धरतात, मागची सोडून देतात. त्यात घाबरून कुणी वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की मागचं चाक आत मुडपतं आणि संपलं."

श्रीवत्स कॉफीचा पेला हातात धरून बसला. नवे टायर. टायरवाल्यानं चारी चाकं नगाऱ्यासारखी ताणून दिली होती. अण्णा कौतुकानं प्रत्येक चाकाला लाथ मारून म्हणाले होते, 'आता बघ कशी धावते.' त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. पाय घालवणारं कोडं एवढंसं होतं. त्यात कुणी खलनायकच नव्हता.

"ही बातमी कधी एकदा अण्णांना सांगतो असं झालंय," परतताना तो नीरजाला म्हणाला.

त्यानं सांगितली, तीही फार उत्साहानं, सर्जापूर रोडच्या नवव्या मजल्यावर, कागदावर चाकं काढून दाखवत. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग उलटतपासणी घ्यावी तशा आवाजात म्हणाले, "म्हणजे गाडी निर्दोष."

"पूर्ण निर्दोष, अण्णा!"

"सरी, ठीक आहे. मग गुन्हेगार उरला कोण? हवा भरून घेतली मी. चालवत होतो मी." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "चहा पिऊन जा."

लिफ्टमधून उतरताना श्रीवत्सला आपल्या बुटांकडे बघवेना. इतकी वर्षं सगळं गोत गाडीला शिव्या देत होतं, ते काही गाडीवरच्या रागानं नव्हे. त्या शिव्यांच्या आडोशाला अण्णा उभे होते. लोकांनी त्यांना मायेनं तिथं उभं केलं होतं. आणि आपण आज खरं काय ते सांगायच्या भरात तो आडोसाच काढून घेतला.

रात्री जेवताना त्यानं हे अलकाला सांगितलं. ती म्हणाली, "मग काय करणार? जाऊन पुन्हा गाडीला शिव्या देणार?"

"नाही. पण अण्णांपुढे ती गोष्ट काढणारही नाही."

काढली नाही त्यानं. दोन महिने गेले. रविवारी फोन व्हायचा, त्यात पाऊस, कोर्टातले जुने स्नेही आणि लिफ्ट बंद पडल्याचं एवढंच. गाडी तयार झाली. कनकपुरा रोडच्या पुढे एक नवा लेआउट पडला होता. डांबरी रस्ते झालेले, घरं अजून नाहीत. हरीनं एका शनिवारी सकाळी गाडी तिथं नेली. श्रीवत्स, अलका आणि हरी, एवढेच जाणार होते. पण ते पोचले तेव्हा नीरजाची गाडी तिथं आधीच उभी होती, आणि बाहेर छत्रीच्या काठीवर दोन्ही हात ठेवून अण्णा.

"तू चालवणार म्हणे," अण्णा म्हणाले. "क्लच दाबता येतो तुला?"

"ठोकळा लावलाय."

श्रीवत्स आत बसला. हरीनं चाकांतली हवा पुन्हा एकदा तपासली. पहिली फेरी श्रीवत्सनं सायकलच्या वेगानं घेतली. दुसऱ्या फेरीला त्यानं वेग घेतला, आणि कोपऱ्यावरच्या वळणात गाडीनं मागचं अंग जरासं टेकवलं, नाक बाहेर काढलं आणि शहाण्यासारखी वळली. पंच्याऐंशी सालच्या पहाटेची तीच ती. तिसऱ्या वळणावर त्यानं मुद्दाम ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी किंचित हलली, सावरली आणि पुढे गेली. अलकानं तिकडे तोंडाला पदर लावला होता. गाडी थांबल्यावर हरी शिट्टी वाजवत नाचला.

अण्णा सावकाश चालत आले आणि दारावर हात ठेवून उभे राहिले. बाकीचे लांब होते.

"मी पाय काढला होता, वत्सा," ते म्हणाले. "त्या वळणावर समोरून एक बैलगाडी दिसली. मी दचकलो. कुणाला बोललो नाही."

"मला ठाऊक होतं अण्णा. मी शेजारीच बसलो होतो."

अण्णांनी मान वर केली. "मग कधी बोलला का नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? तुम्ही दचकला नसता तर तो बैलगाडीवाला गेला असता, नाहीतर आपण. कुणीही पाय काढला असता. आत्ता मीही काढलाच की. चाकांत हवा बरोबर असती तर त्या दिवशीही एवढंसं हलून आपण घरी जेवायला गेलो असतो. हे मला ठाऊक नव्हतं, तुम्हाला नव्हतं, टायरवाल्यालाही नव्हतं. आता तुम्हीच सांगा वकीलसाहेब, न ठाऊक असण्याला कुठलं कलम लागतं?"

"कलम लागतं," अण्णा म्हणाले. "अज्ञान हा बचाव होत नाही." मग त्यांचा ओठ हलला. "पण पहिलाच गुन्हा आहे. समज देऊन सोडता येईल."

श्रीवत्स मोठ्यानं हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी नीरजाला हाक मारून छत्री तिच्या हातात दिली, वाकून, कण्हत, एकेक पाय आत घेत डावीकडच्या सीटवर स्वतःला बसवलं आणि दार ओढून घेतलं.

तेव्हापासून महिन्यातून एखादा रविवार दोघे भाऊ बाहेर पडतात. फार लांब नाही. बनशंकरीहून निघायचं, कुठंतरी थांबून इडली-वडा खायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. ट्रॅफिक सिग्नलवर मोटरसायकलवाली पोरं फोटो काढतात. गेल्या महिन्यात बिडदीजवळच्या हॉटेलात एका गृहस्थानं गाडी ओळखली आणि अण्णांना बाजूला घेऊन सावध केलं, "सर, ही मरणलीन. फार वाईट नाव आहे हिचं." अण्णांनी त्याला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि चटणीच्या वाट्या इकडेतिकडे सरकवत मर्लिनचा खटला पहिल्यापासून मांडायला घेतला. गृहस्थाची बस सुटली. श्रीवत्सनं दुसरा वडा मागवला.