हनुवटीने दाखवलेलं स्पॅनिश

"मोठ्यांसमोर बोट दाखवायचं नाही!" हा आमच्या घरचा नियम. का, ते तर विचारायचंच नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळं हनुवटीने दाखवतात. मीठ, टीव्ही, पाहुणे, सगळं! अशा घरातली मुलगी गंगापूर रोडच्या स्पॅनिश क्लासला गेली की किस्से साठणारच. मला तर तिथेच पुढे शिकवायचं होतं. त्यासाठी जीव तोडून अभ्यास चालला होता.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "माझ्याजवळचं ते एस्ते, तुमच्याजवळचं ते एसे, दोघांपासून लांब ते आकेल. चला, बोटाने दाखवा आणि बोला!"

एकाचंही बोट हललं नाही. नियम घरोघरी तोच, सगळ्या हनुवट्या वर!

"अरे, मानेचा योगा चाललाय का?"

*

आमच्यात नाशिक रोडचे एक रिटायर आजोबा होते, जगताप. मॅडमनी त्यांना विचारलं, "आपल्या दोघांपासून लांब असं काहीतरी सांगा."

"द्वारका!"

"अहो, तो चौक तर तुमच्या रस्त्यातच आहे."

"मॅडम, आत्ता तिथल्या ट्रॅफिकमधून आलोय. द्वारका सगळ्यांपासूनच लांब आहे!"

*

सुलभाताई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नुसतं 'हे'. मॅडमनी फॅमिली फोटोतली माणसं ओळखायला सांगितली. ताईंनी नवऱ्यावर हनुवटी रोखली. "एस्ते."

"नाव सांगा ना."

"एस्तेच!"

दुसऱ्या दिवशी काका त्यांना न्यायला आले, तर अख्खा क्लास ओरडला, "होला, एस्ते काका!"

काकांनी हात जोडले. "नमस्कार, मी दिलीप."

ताई दचकल्या. "अहो, हळू! सगळ्यांना कळेल ना!"

*

आणि परवा! मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून नवी बॅच तुझी." माझी पहिली नोकरी! उड्या मारत घरी आले, तर कळवणची आत्या पेढे घेऊन हजर.

घरातले मोठे म्हणजे माझे काका. त्यांनी माझ्याकडे हनुवटी उडवली. "हिचं कळवणला ठरवलंय. मुलगा चांगला आहे. आता हिचा क्लास बंद."

"हिला काय, तिकडे करमेल हळूहळू," आत्या म्हणाली.

हिचं, हिचा, हिला! मी तिथेच, काकांच्या समोर बसले होते.

मी बोट उचललं. आत्याचा श्वास अडकला. बोट सावकाश वळवून मी स्वतःच्या छातीवर टेकवलं.

"ही इथे बसलीये, काका. हिला विचारा ना. ही नाही म्हणतेय. सोमवारी ही क्लासला जाणार, शिकवायला!"

काकांची हनुवटी वर गेली, ती वरच राहिली. आत्याच्या हातातला पेढा तोंडापाशी थांबला.