पाहुण्यांचा बाक

त्या रविवारी मी देवाला अट घालूनच घराबाहेर पडले होते. आज चर्चच्या मंडळीतलं एक माणूस जरी 'घरी येतो' म्हणालं तर ठीक, नाहीतर या देवळाची पायरी पुन्हा चढणार नाही. देवावर विश्वास ठेवणाऱ्या बाईनं असं बोलू नये हे मला कळतं. पण नवऱ्याला लकवा झाल्यापासून माझी वाचा फार गोड राहिली नव्हती. सुरुवातीला लोक आले, फळं ठेवून गेले. पुढे उपासनेच्या शेवटी 'आजारी बंधूसाठी' प्रार्थना तेवढी होते, असं कानावर यायचं. पाय कुणाचे वळले नाहीत.

गडचांदूरची आमची मंडळी स्वागतासाठी नावाजलेली. सिमेंट कारखान्यामुळे गावात नवे लोक सारखे येतात, म्हणून पाहुण्यांचा वेगळा बाक आहे. सूचना झाल्या की पाहुण्यांनी उभं राहून नाव-गाव सांगायचं, मग त्यांना गुलाब द्यायचा आणि सगळ्यांनी गाणं म्हणत टाळ्या वाजवायच्या. नवरा आजारी पडेपर्यंत दारात गुलाबांची परडी घेऊन मीच उभी राहायची; पुढे कित्येक महिने मला घर सोडता आलं नाही.

त्या रविवारी नणंद गावाहून आली, तिला यांच्याजवळ बसवलं आणि मी निघाले. दारात एक नवी मुलगी होती. माझे पिकलेले केस, गळ्याची हाडं पाहून तिला बिचारीला मी कोण ते काय कळणार! "आंटी, पाहुण्यांनी इथी बसा लागते," म्हणत तिनं मला हात धरून त्या बाकावर बसवलं. पुढचे लोक ओळखतीलच, असं वाटत होतं.

सूचना झाल्या. नवे पाळकसाहेब हसून म्हणाले, "पाहुण्यांनी उभं राहावं." मी बसूनच राहिले. "लाजू नोका आंटी, उभ्या राहा ना," ती मुलगी कानाशी म्हणाली. उभी राहिले. गाव विचारलं, तर "इथलीच" एवढंच तोंडून निघालं, तेही बहुतेक कुणाला ऐकू गेलं नाही. हातात गुलाब आला आणि टाळ्या सुरू झाल्या. ज्यांच्या लेकींच्या लग्नात मी पोळ्या लाटल्या त्या बायाही वाजवत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच बाकावर एक म्हातारी होती. सिरोंच्याकडची, मुलगा कारखान्यात लागला म्हणून आलेली. टाळ्या वाजत असताना तिनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. "एडवकु, अम्मा," ती म्हणाली. मला तेलुगू येत नाही, पण रडू नको म्हणते आहे हे समजलं.

उपासना सुटल्यावर एक जुनी मैत्रीण धावत आली. "अवो बाई, तुमी होय! म्या ओळखलंच नाई. कित्ती वाळल्या! भाऊ कसे हायेत?" उत्तर ऐकायला ती थांबली नाही, तिची रिक्षा उभी होती. म्हातारीनं मात्र मोडक्या मराठीत विचारलं, "घरी कोण हाय?" मी सांगितलं. "चल, मी येतो," म्हणाली आणि माझ्यापुढे चालायला लागली.

घरी येऊन तिनं ओल्या फडक्यानं यांचं तोंड पुसलं, उशाशी बसून तेलुगूत एक भजन म्हटलं. यांना शब्द कळण्याचं कारण नव्हतं, पण चांगला हात उचलून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. किती महिन्यांनी घरात कुणी बसलं होतं! मी चुलीपुढे जाऊन पोटभर रडले. सिरोंच्याला परत जाईपर्यंत ती येत राहिली.

मंडळीला मी माफ केलं, असं अजून म्हणवत नाही. ती कडू गोळी जिभेवर तशीच आहे. पण त्यांनी मला ओळखलं असतं तर मी माझ्या जुन्या जागी बसले असते आणि म्हातारी मला भेटली नसती, हेही खरं. अट मी घातली होती. कुणाला पाठवायचं हे देवानं मला विचारलं नाही. आता कोण येईल, असं मी स्वतःलाही विचारत नाही. तो पाठवेल त्याला दार उघडायचं.

आता चूक सगळ्यांना कळली आहे. "पुढं या, बाई," म्हणतात. मी पाहुण्यांच्याच बाकावर बसते. टाळ्या वाजवत नाही. शेजारी जो येईल त्याला हळूच विचारते, घरी कोण आहे?