माझा की तुझा

मोठ्या फुटबॉल क्लबमध्ये त्याला सगळे 'तिसरा' म्हणायचे. म्हणजे तिसरा गोलकीपर. पहिला खेळायचा, दुसरा बदली म्हणून बाकावर बसायचा. तिसऱ्याचं काम सामन्याआधी पहिल्याकडे चेंडू मारून त्याचं अंग मोकळं करून द्यायचं. ते झालं की आंघोळ करायची, क्लबचा कोट चढवायचा आणि वर प्रेक्षकांत जाऊन बसायचं. तिथल्या खुर्च्यांना बसल्याबसल्या ऊब मिळायची सोय होती. विशीतल्या पोराला खुर्चीची ऊब कशाला हवी, असं विचारणारं मात्र तिथे कोणी नव्हतं.

घरी तो लंबू. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, आई चष्म्याच्या दुकानात, धाकटी बहीण कॉलेजात. तो सोळा वर्षांचा असताना मोठ्या क्लबची माणसं त्याला न्यायला घरी आली, आणि त्या आठवड्यात बापाने ज्या ज्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त केली, तिथे तिथे ही बातमी तळापासून गच्चीपर्यंत पोचली. अर्ध्यात अडकलेल्या एका बाईंना तर ती दार उघडायच्या आधीच ऐकावी लागली.

क्लबने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. स्वतंत्र खोली, दाराशी धुतलेले मोजे, गुडघ्याला एक डॉक्टर, खांद्याला दुसरा. आठवड्याला एकजण यायचा आणि नीट झोप लागते का ते विचारून जायचा. लागायची की! दमायला काही झालेलंच नसायचं. सगळं दिलं त्यांनी, फक्त खेळायला दिलं नाही.

आता गोलकीपरांची एक रीत सांगायला हवी. उंच चेंडू गोलसमोर आला की गोलकीपरने 'माझा!' म्हणून ओरडायचं. मग आपली माणसं बाजूला होतात आणि तो पुढे जाऊन चेंडू धरतो. धरायचा नसेल तर 'तुझा!' म्हणायचं, म्हणजे पुढचा बॅक, बचाव करणारा खेळाडू, उडी मारून डोक्याने तो बाहेर काढतो. मधलं काही नाही. गप्प राहणं हा तर गुन्हाच. मोठ्या क्लबमध्ये सरावाला तिघेही गोलकीपर एकाच गोलसमोर उभे राहायचे. चेंडू आला की पहिला 'माझा' म्हणायचा, आणि उरलेल्यांनी 'तुझा' म्हणून जागा सोडायची. पहिला दमला तर दुसऱ्याची पाळी. तिसऱ्याची पाळी येईपर्यंत बहुतेक वेळा जेवणाची वेळ झालेली असायची. अशी वर्षं गेली. 'तुझा' हा शब्द त्याच्या जिभेवर असा बसला की काढायला पकड लागली असती.

सुट्टीत घरी आला तेव्हा जेवताना भांड्यात एकच बटाटा उरला होता. बहिणीचा आणि त्याचा हात एकदमच पुढे गेला. "तुझा!" तो ओरडला आणि हात मागे घेतला. बहीण दचकली. लहानपणी शेवटच्या घासासाठी तिच्या झिंज्या ओढणारा हा भाऊ.

"आई, याला ताप आहे का बघ गं," ती म्हणाली. सगळे हसले. लंबूही हसला, पण जरा उशिरा.

त्याच सुट्टीत एका लहान क्लबचा कोच घरी आला. बूट दाराबाहेर काढले तरी चिखल आत आलाच. "आमच्याकडे गवत कमी आणि खड्डे जास्त," तो म्हणाला. "मोजे आपले आपण धुवायचे. पण दर आठवड्याला गोलमध्ये तूच. आधी एक सराव सामना खेळून बघ. तू आम्हाला बघ, आम्ही तुला बघतो."

इकडे मोठ्या क्लबचा जुना करार संपत आला होता आणि नवा तयारच होता. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. बाप म्हणाला, "अरे, लोक त्या दारात उभं राहायला तरसतात. आहेस तिथे राहा. आज ना उद्या घेतीलच खेळायला." आई म्हणाली, "तुझं तू बोल ना. तुला काय वाटतं?"

"बघू," लंबू म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याची पाचावर धारण बसली होती. मोठ्या क्लबमध्ये राहिलं तर आपण चांगले गोलकीपर आहोत की नाही, हे कुणालाच कळणार नव्हतं, त्याला स्वतःलासुद्धा. तिथे तो 'उद्याचा गोलकीपर' होता, आणि उद्या काही येत नव्हता. लहान क्लबमध्ये मात्र पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि नाही म्हणून कळलं तर? चेंडू अडवण्यापलीकडे तो आयुष्यात काही शिकलेलाच नव्हता.

सराव सामन्याला मोठ्या क्लबने त्याला गाडीने पाठवलं. सोबत ऑफिसातले एक साहेब. माल धडधाकट परत यावा म्हणून.

लहान क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला खिळे होते, आणि प्रत्येक खिळ्याचा मालक ठरलेला. लंबूने चुकून एकावर पिशवी अडकवली तर एक टकलू माणूस हसत म्हणाला, "तो माझा. पण राहू दे, तू पाहुणा आहेस." हा त्यांचा स्टॉपर, म्हणजे गोलच्या अगदी पुढे उभा राहणारा बॅक. वय छत्तीस, म्हणून सगळे त्याला आजोबा म्हणत.

"हे बघ बाळा," बुटांच्या नाड्या बांधता बांधता आजोबा म्हणाले, "माझ्या पाठीला डोळे नाहीत. तू सांगशील तेच खरं. 'माझा' म्हणालास की मी वाकणार. 'तुझा' म्हणालास की डोळे मिटून उडी मारणार. पण बोल. काय वाटेल ते बोल, पण बोल."

लंबूने मान डोलावली.

सामना सुरू झाला. समोर गावातलाच दुसरा संघ. पहिले दोनतीन चेंडू जमिनीवरून आले, ते त्याने अडवले. काठावर उभ्या असलेल्या कोचने टाळी वाजवली. जमिनीवरचं ठीक आहे, उंच येईल तेव्हा काय? लंबू आभाळाकडे अशा नजरेने बघत होता की जणू आता तिथून वीटच पडणार आहे.

आणि आला. उजवीकडून, उंच, वळत वळत, बरोबर गोलच्या तोंडाशी. हा गोलकीपरचाच, आंधळ्यालाही कळावं इतका त्याचाच. पाय आपोआप धावले. तोंड उघडलं, आणि त्यातून सवयीने निघालं, "तुझा!"

आजोबांनी शब्द पाळला. ते डोळे मिटून उडाले. बाजूने लंबू मूठ वळून तशीच उडी घेऊन आला. शब्द परत घ्यायला वेळच नव्हता. मूठ चेंडूला लागलीच नाही, ती आजोबांच्या तोंडावर बसली.

आवाज ऐकून काठावरचे साहेबसुद्धा उभे राहिले. आजोबा पडले ते हललेच नाहीत. मारला, आपण माणूस मारला, एवढंच लंबूच्या डोक्यात. कोणीतरी पाणी आणलं, कोणीतरी त्यांना कुशीवर वळवलं. मग आजोबांनी डोळे उघडले, बोट तोंडात घातलं आणि एक दात बाहेर काढून बघितला.

"गेला," ते म्हणाले. मग लंबूकडे वळले. "अरे, 'तुझा' म्हणालास ना?"

"हो."

"मग आलास कशाला?"

लंबूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला जागा नव्हती. आजोबांना धरून बाकावर नेलं, तोंडात कापूस भरला. साहेब लगबगीने आत आले आणि त्यांनी लंबूचा हात उलटापालटा केला. बोटांचे सांधे सुजायला लागले होते.

"पुरे झालं," साहेब म्हणाले. "गाडीत बस. अशा ठिकाणी दुसरं काय होणार? सोमवारी सही कर, आणि हे सगळं विसरून जा."

लंबूला साहेबांचा फार आधार वाटला, हे कबूल केलं पाहिजे. गाडी, खोली, उबदार खुर्ची. तिथे कोणाचा दात पडत नाही. त्याने कोचकडे बघितलं.

"मी काही सांगणार नाही," कोच म्हणाला. "जायचं तर जा. थांबायचं तर गोलमध्ये जा. मध्ये उभा राहू नकोस, खेळ थांबलाय."

तो गोलमध्ये गेला. धाडस वगैरे काही नव्हतं. गाडीपर्यंत जायचं तर आजोबांच्या समोरून जावं लागलं असतं, तेवढंच. साहेब मान हलवत काठावर गेले.

आता खरी भीती सुरू झाली. पुढचे चारही बॅक चेंडू सोडून त्याच्याकडेच वळून वळून बघत होते. आजोबांच्या जागी आलेला तर एक हात तोंडावर ठेवूनच खेळत होता. आपल्याच माणसांना आपली भीती वाटतेय, हे लंबूला त्या सुजलेल्या हातापेक्षा जास्त दुखत होतं. येऊ नकोस, तो चेंडूला मनातल्या मनात विनवत होता, माझ्याकडे येऊ नकोस.

चेंडू आला. पुन्हा उंच, यावेळी डावीकडून, आणि मघापेक्षा जोरात. लंबूच्या घशात दोन्ही शब्द एकदम आले. क्षणभर वाटलं, काहीच निघणार नाही. मग पोटाच्या तळापासून, फाटक्या, लहान मुलासारख्या आवाजात तो किंचाळला, "माझा!"

चारही बॅक खाली वाकले. वाट मोकळी झाली. लंबू उडाला, हात लांबवले, आणि चेंडू त्याच्या बोटांवरून सरकून मागे जाळ्यात जाऊन पडला. गोल.

लंबू चिखलात पालथा पडून होता. उठायचा धीर होत नव्हता. संपलं, त्याला वाटलं. आता सगळ्यांना कळलं. तेवढ्यात बाकावरून, कापूस भरलेल्या तोंडाने, कोणीतरी जोरजोरात टाळ्या वाजवत ओरडलं.

"ऐकू आलं रे! इथपर्यंत ऐकू आलं!"

वाकलेले बॅक सरळ झाले. त्यांच्यातला एकजण हसला आणि त्याने लंबूला हात देऊन उठवलं. काठावर साहेबांनी गाडीचं दार उघडून धरलं होतं आणि ते घड्याळाकडे बोट दाखवत होते. लंबूने जाळ्यातला चेंडू काढला.

"तुम्ही निघा, साहेब," तो ओरडला. "मला वेळ लागेल."