सात आकड्याचा कागद

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. पत्नीलाही नाही. आयुष्यात मी शेकडो पत्रे लिहिली: नगरपरिषदेला, वीज कार्यालयाला, टपाल खात्याला, तीन मंत्र्यांना. प्रत्येकाची स्थळप्रत माझ्याकडे आहे. पण या बाबीत जे खरे घडले, त्याविषयी माझ्या लेखणीतून एक ओळ उतरलेली नाही. का — ते पुढे कळेलच.

प्रथम त्या सरकारी उपयोजनाविषयी. त्याला ‘अ‍ॅप’ म्हणतात. मी त्याला निर्लज्जपणा म्हणतो. दौंडच्या न्यायालयात लिपिक असताना मी तेथेच स्कूटर घेतली होती. निवृत्तीनंतर शिरूरला स्थायिक झालो. तेव्हा नोंदणी पुस्तकावरचा पत्ता बदलणे हे कायद्याने माझे कर्तव्य होते, आणि कर्तव्य मी टाळत नाही — निदान तसे मी समजत असे. परिवहन कार्यालयात गेलो तर खिडकीतल्या इसमाने मान वर न करता सांगितले, “मोबाइलवर करा.” केले. वाहनाचा क्रमांक भरला, सांगाड्याच्या, म्हणजे चासीच्या, क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे भरले. मग पडद्यावर आले : नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर सांकेतिक आकडा पाठवला आहे. क्रमांकाचे सगळे आकडे फुल्यांनी झाकलेले, फक्त शेवटचा उघडा — सात. माझा क्रमांक एकने संपतो.

मी मोबाइल बंद करून चालू केला. उपयोजन काढून पुन्हा घातले. तक्रार नोंदवली, उत्तर आले की कृपया नोंदणीकृत क्रमांकावर आलेला आकडा भरावा. ज्या क्रमांकाविषयी तक्रार, त्याच क्रमांकावर आलेला आकडा! अशा उत्तरांसाठी माणसे पगार घेतात. बावीस दिवस मी त्या पडद्याशी झगडलो. माझी खात्री होती की चूक कोणातरी बेजबाबदार माणसाची आहे. आणि तो माणूस मला सापडलाही.

वंदनाबाई. ज्या दुकानातून मी स्कूटर घेतली, तेथे नोंदणीचे अर्ज संगणकावर चढवण्याचे काम त्या अकरा वर्षे करीत होत्या. मूळच्या मांडवगण फराट्याच्या. दौंडमध्ये भाड्याच्या खोलीत दोन मुलींसह राहत. मी मालकाला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली. सेवेतील त्रुटी, निष्काळजीपणा, मानसिक त्रास — कलमांसह. प्रती परिवहन खात्याला आणि ग्राहक मंचाला. नोटिशीवरचा क्रमांक पाहून वंदनाबाईंचा मला फोन आला.

“आप्पा, तुम्ही कागदावर लिवून दिला त्योच नंबर मी चढवलाय. माझ्या मनानं आकडा टाकाया मला काय खूळ लागलंय व्हय?”

मी त्यांना भाषा सांभाळून बोलण्याची समज दिली. आणि माहिती अधिकारात परिवहन कार्यालयाकडे माझ्या मूळ अर्जाची प्रत मागितली. त्यांना कागदानिशी उघडे पाडायचे होते मला.

प्रत आली. अक्षर माझे होते. मोबाइल क्रमांकाच्या शेवटी सात होता — मध्ये आडवी रेघ मारलेला. तसा सात दौंडच्या न्यायालयात दुसरे कोणी लिहीत नसे.

आणि मग आठवले. त्या काळी मी कोणत्याही दुकानात खरा क्रमांक देत नसे. दुकानदार क्रमांक विकतात, मग कर्जवाले फोन करून जीव खातात — म्हणून शेवटचा आकडा बदलून द्यायचा. ही माझी युक्ती होती. मला तिचा अभिमान होता. एका शासकीय अर्जावर, ‘वरील माहिती सत्य आहे’ या वाक्याखाली सही करताना, मी तीच युक्ती केली होती. विसरलो होतो, हे खरे. पण प्रत हातात आल्यावर विसरलेलो नव्हतो — होतो का?

इथवर कोणीही क्षमा करील. म्हणून पुढचे सांगतो.

प्रत आल्यानंतर नवव्या दिवशी मालकाने मला दुकानात बोलावले. मी गेलो. प्रत माझ्या पिशवीत होती. वंदनाबाई दाराशी उभ्या होत्या, हातात वाळवीने खाल्लेली फाइल. दुकानाकडची अर्जाची प्रत तिच्यात माती होऊन गेली होती. मालक म्हणाला, “आप्पा, तुमच्याकडं काही कागद हाय का? आसंल तर आत्ता दावा. न्हाईतर हिला घरी बसवावं लागंल मला. ती कोर्टकचेरी आपल्याला न्हाई झेपायची.”

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी म्हणालो, “नाही.”

एकच शब्द. ज्या माणसाने साक्षीदारांना शपथ देण्यात तीस वर्षे घालवली, त्याचा. मला कशाची भीती होती? दंडाची? नाही. त्या बाई हसतील, याची. बस, एवढीच.

पुढे प्रतिज्ञापत्र देऊन माझा क्रमांक जोडला गेला, पत्ता बदलला. उपयोजनात तक्रारीपुढे हिरवी खूण आहे.

मागच्या वर्षी शिरूरच्या एसटी स्थानकावर वंदनाबाई भेटल्या. आता सणसवाडीच्या एका कंपनीत उभ्याने काम करतात. पायांना सूज होती. मी तोंड फिरवले, पण त्यांनीच हाक मारली.

“आप्पा, झालं का मग गाडीचं काम?”

“झालं.”

“बरं झालं बाई. लई हेलपाटं पडलं तुम्हाला.”

त्यांची गाडी आली. त्या चढल्या. बोलायला वेळ पुरेसा होता.

घरी येणाऱ्या प्रत्येक कागदाची मी आवक नोंदवहीत नोंद करतो. नोकरीतली सवय आहे. त्या प्रतीचीही आहे, दुकानातल्या बैठकीच्या नऊ दिवस आधीची. शेवटचा रकाना ‘कार्यवाही’चा. बैठकीहून परतल्यावर तो मी भरला. माझ्याच सुवाच्य अक्षरात तेथे लिहिले आहे : ‘दफ्तरी दाखल.’ म्हणजे, या कागदावर काही करायचे उरलेले नाही.