शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून

कुणाच्याही बांधकामाला हो किंवा नाही म्हणायच्या आधी कुंदामावशी त्याच्या शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या. अर्जदाराच्या नव्हे, शेजाऱ्याच्या. आधी फोन करायचा, ठरल्या वेळी दारात बूट काढायचे, आणि सिंकपाशी उभं राहून खिडकीतून पलीकडे बघत राहायचं. गुडघ्यापर्यंत जाड पार्का कोट, कपाळावर टिकली, सत्तरीची बाई. मिनेसोटाची माणसं मुळात भिडस्त, ती मुकाट्याने कॉफी पुढे करायची. मावशी ती पांचट कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायच्या, "व्हेरी नाइस किचन" म्हणायच्या आणि गाडीत बसल्यावर तोंड वाकडं करायच्या.

ती गाडी बहुतेक वेळा माझी असायची. ईडन प्रेरीच्या पलीकडे आमचं लहानसं गाव आहे, त्याच्या सिटी हॉलमध्ये मी प्लॅनर आहे. पुण्यात सिव्हिल केलं, इथे येऊन प्लॅनिंगची पदवी घेतली आणि आता लोकांच्या कुंपणांची उंची मोजते. आमच्याकडे प्लॅनिंग कमिशन म्हणजे गावातलेच सात बिनपगारी नागरिक. कुणाला मागे खोली काढायची असते, कुणाला गॅरेजचं सलून करायचं असतं, कुणाला हद्दीपासून जितकी जागा सोडायची तितकी सोडता येत नसते. असे सगळे अर्ज त्यांच्यापुढे येतात. मी अहवाल लिहायचा, सातांनी लोकांचं ऐकायचं आणि मतं द्यायची. सातांपैकी एक कुंदा देशमुख, मूळच्या अकोल्याच्या, नवरा वारल्यावर वेळ जाईना म्हणून कमिशनवर आलेल्या आणि मग तिथेच रुजलेल्या.

माझ्या पहिल्याच सभेत त्यांनी माझी भंबेरी उडवली होती. मी नकाशे दाखवून घरामागच्या एका लाकडी डेकबद्दल छान इंग्रजीत बोलले, तर व्यासपीठावरून प्रश्न आला, "स्टाफ तिथे जाऊन उभी राहिली होती का?" सभेत आम्हाला नावं नसतात, आम्ही सगळे स्टाफ. स्टाफ उभी राहिली नव्हती. घरी जायच्या आधी मी काचेवरचा बर्फ खरवडत होते, तर मागून आवाज आला, "कुठली गं तू?"

"सांगलीची."

"मग असं पुस्तकातल्यासारखं काय बोलून राहिली होतीस? नकाशावर शेजारी दिसत नाही, बाई. नकाशावर नुसती रेघ दिसते." आणि पर्समधून एक चिवड्याची पुडी काढून माझ्या हातात कोंबली. त्या इमारतीच्या आत त्यांनी माझ्याशी मराठीत एक शब्द कधी काढला नाही. लोकांना न कळणाऱ्या भाषेत दोघी कुजबुजल्या तर त्यांना काय वाटेल, असं त्यांचं म्हणणं. बाहेर आल्यावर मात्र आतली सगळी कसर भरून निघायची.

कोंबड्यांचा वाद झाला तेव्हाची गोष्ट. परसात कोंबड्या पाळू द्याव्यात की नाही, ह्यावर आमचं शांत गाव हमरीतुमरीवर आलं होतं. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. बाकीचे सदस्य पेंगायला लागले तरी मावशी टक्क जाग्या. नंतर म्हणाल्या, "तीन मिनिटांतली दोन तर माणूस रागातच घालवतो. खरं काय दुखतंय ते शेवटी शेवटी येतं. तेव्हा आपण झोपलेलं चालत नाही." एका बाईचं खरं दुखणं कोंबड्या नव्हतंच. कोंबड्या पाळू बघणाऱ्या नव्या शेजाऱ्यांनी तिला कधी साधं हॅलो म्हटलं नव्हतं. मावशींनी कोंबड्यांच्या बाजूने मत दिलं आणि जाता जाता त्या शेजाऱ्यांना अंडी कुणाला नेऊन द्यायची तेही सांगितलं.

आपल्या लोकांना त्यांचा हा खाक्या फारसा आवडत नसे. मराठी मंडळाने एका बंद दुकानात हॉल करायचा अर्ज केला, तेव्हा सगळे निर्धास्त होते, आपली बाई आहे वर. आपली बाई मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या किचनमध्ये संध्याकाळभर बसून आली. सभा सुरू होताच, नेहमीप्रमाणे, "मी तिथे गेले होते, कॉफी घेतली, मत सांगितलेलं नाही" असं जाहीर केलं, आणि हॉलच्या बाजूने मत दिलं ते मागचं पार्किंग रात्री बंद ठेवण्याच्या अटीवर. पुढच्या संक्रांतीला त्यांना मंडळाच्या तिळगुळाचं बोलावणं आलं नाही. त्यांनी स्वतःच तिळगूळ केला आणि सिटी हॉलमध्ये वाटला. पण लागलं असणार. दोन दिवस फोनवर त्या माझ्याशी नुसत्या हवामानावर बोलत होत्या.

मावशींची धाकटी बहीण नलूमावशी, अकोल्यात शाळेत शिकवायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, नवरा गेलेला. बहिणीला इथे आणायचा अर्ज मावशींनी केला तेव्हा नलूमावशींचे केस काळे होते. ग्रीन कार्डाचा नंबर लागून त्या आल्या तेव्हा केसही पांढरे झालेले आणि गुडघेही गेलेले. लग्नानंतर दोघी सुट्टीपुरत्या भेटल्या असतील तेवढंच. म्हातारपणी तरी एकमेकींच्या नजरेसमोर राहू, हे दोघींचं किती वर्षांचं बोलणं होतं. मावशींनी ते मला इतक्यांदा सांगितलं होतं की नलूमावशींना विमानतळावर मी फोटो न बघता ओळखलं.

पण मावशींचं घर इथल्या बऱ्याच जुन्या घरांसारखं. दार उघडलं की समोर जिनाच. वर स्वयंपाकघर, खाली झोपायच्या खोल्या, मध्ये टेकायला जागा नाही. नलूमावशी बसून एकेक पायरी उतरायच्या आणि म्हणायच्या, "मी आले बहिणीकडे आणि राहून राहिले जिन्यावर." सगळे हसायचे. एकदा त्या मधेच अडकल्या, वरही जाता येईना आणि खालीही. मावशी शेजारी पायरीवर बसून राहिल्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

म्हणून मग अंगणात एका मजल्याची छोटी खोली बांधायची ठरली. स्वतःचं न्हाणीघर, स्वतःची शेगडी. मागे तळं, तळ्याच्या काठाजवळ बांधायला मनाई. एका बाजूला गॅरेज. उरली उत्तरेची बाजू, तिथे हद्दीपासून सोडायची तेवढी जागा सुटत नव्हती, म्हणजे कमिशनची सूट हवी. माझा अर्ज हिच्या हातात देऊ नका, ही पोरगी माझ्या घरी जेवते, असं मावशींनी स्वतःच माझ्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी अहवाल लिहिला, त्यात मंजुरीची शिफारस केली. उत्तरेचा शेजारी वॉल्टर, नव्वदीला आलेला एकटा गृहस्थ, त्यानेही आपली काही हरकत नाही असं कळवलं. सगळं सरळ होतं. नलूमावशींनी खोलीच्या पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता.

सभेच्या आधीच्या रविवारी मी जेवायला गेले होते. जेवण झाल्यावर मावशी म्हणाल्या, "चल, वॉल्टरकडे जाऊन येऊ."

"मावशी, त्यांनी हो म्हटलंय. आता कशाला?"

"दुसऱ्या कुणाचा अर्ज असता तर गेले असते की नाही? मग?"

बर्फातून एकमेकींना धरत आम्ही गेलो. तीस वर्षांचा शेजार, त्या घरात मावशी शेकडो वेळा गेल्या असतील, पण त्या उन्हाळ्यात, मागच्या अंगणात, मक्याची कणसं भाजायला. जानेवारीतल्या दुपारी त्या किचनमध्ये त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या. हिवाळ्यात इथे सूर्य वर चढतच नाही, क्षितिजाच्या कडेकडेने चालतो. खोली होणार होती त्याच बाजूच्या खिडकीतून ऊन आडवं आत येत होतं आणि टेबलावर सांडलं होतं. वॉल्टर शर्टाच्या बाह्या वर करून उन्हात बसला होता. कमरेचं हाड मोडल्यापासून तो हिवाळ्यात बाहेर पडत नसे. आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्याने खुर्ची जरा डावीकडे सरकवली. थोड्या वेळाने पुन्हा सरकवली. ऊन जाईल तसा तो मागून जात होता. खुर्चीच्या पायांनी जमिनीवर खिडकीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडे पडले होते.

"बांधून टाक, कुंदा," तो म्हणाला. "तुझ्या बहिणीला पाहिजेच ती खोली. मी येणार आहे सभेला, तुझ्या बाजूने बोलायला."

मावशींनी कॉफी पूर्ण प्यायली. किचन छान आहे असं मात्र म्हणाल्या नाहीत. परत येताना मध्येच थांबल्या. "खुर्ची पाहिलीस?"

मी पाहिली होती. तरी म्हणाले, "मावशी, उन्हावर हक्क असा काही आपल्या कायद्यात नाही. आणि ते स्वतः हो म्हणताहेत."

"तो हो म्हणणारच. मिनेसोटाचा आहे. पायावरून गाडी नेली तरी नो प्रॉब्लेम म्हणेल."

सभेच्या दिवशी मावशी व्यासपीठावर बसल्या नाहीत, स्वतःचा अर्ज असल्यावर बसायचं नसतंच. लोकांमध्ये बसल्या. नाव पुकारल्यावर माइकपाशी गेल्या आणि बाकीच्या लोकांसारखं आपलं नाव-पत्ता सांगितला. अध्यक्षीणबाई हसून म्हणाल्या, हे अगदी साधं प्रकरण दिसतंय. मावशी म्हणाल्या, "मी अर्ज मागे घेते." अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "काही कारण?"

"साइट व्हिजिट केली," मावशी म्हणाल्या, आणि जागेवर जाऊन बसल्या.

वॉल्टर वॉकर धरून मागच्या रांगेत उभा होता, त्याला काही कळेना. "हे काय केलंस, कुंदा?" तो दारापाशी पुन्हा पुन्हा विचारत राहिला. मावशींनी त्याच्या कोटाची वरची गुंडी लावली आणि बाहेर घसरडं आहे, सांभाळून जा, एवढंच म्हणाल्या. टेक्ससमधून त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "आई, इट्स जस्ट अ विंडो!" ती ओरडत होती. मीही मनातून तिच्याच बाजूची होते. राग आला होता मला. खोली पाहिजे होती ती मावशींच्या बहिणीला, आणि चांगुलपणाची हौस मावशींना, असं काहीतरी मी त्या रात्री माझ्या नवऱ्याजवळ बोललेसुद्धा.

नलूमावशींना मात्र राग आला नाही. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि म्हणाल्या, "मला जिना नको आणि अजून वाट बघणंही नको. मी चालले. तुला यायचं तर ये." एका मजल्याची घरं मावशींनी शोधली, त्यांच्या आवाक्यातलं एकही मिळालं नाही. नलूमावशी होळीच्या सुमारास परत गेल्या. उन्हाळ्यात मावशींनी घर विकलं. चाळीस वर्षांचा संसार घरापुढे गॅरेज सेलमध्ये मांडून बसल्या होत्या, जुन्या चादरींच्या किमतीवरून लोकांशी घासाघीस करत. मला त्यांनी आपले बर्फातले बूट दिले. ते मला दोन बोटं लहान होतात. मी म्हणाले, मावशी, नाही होत मला. त्या म्हणाल्या, "राहू दे गं, अकोल्यात मी काय करू त्यांचं?" विमानतळावर मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्यांनी मला थोपटलं, आणि सिक्युरिटीच्या रांगेत पुढच्या माणसाला पट्टा काढायची आठवण करून दिली.

आता कमिशनवर त्यांच्या जागी घरं विकणारा एक तरुण रिअल्टर आहे. हुशार आहे, सभा लवकर संपतात. लवकर संपलेल्या सभेनंतर मला घरी जावंसं वाटत नाही. चिवडा मिळतो इथे दुकानात, पण "काय बोलून राहिली होतीस" म्हणून कुणी झापत नाही. कुठल्याही घराचा नकाशा उघडला की मला त्यांचा आवाज ऐकू येतो आणि मग त्या नकाशावर लक्ष लागत नाही.

वॉल्टर त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला, पहिला बर्फ पडायच्या आधी. मी मावशींना फोन केला. माझ्याकडे संध्याकाळ, त्यांच्याकडे सकाळ. सांगितलं. मग मला राहवलं नाही. इतके महिने गिळलेलं बाहेर पडलं. "मावशी, मेच्या आधी तुमचा पाया खणलाच गेला नसता. जमीन गोठलेली असते, तुम्हाला माहीत होतं. छप्पर चढेस्तोवर ऑक्टोबर उजाडला असता. त्यांचं एका दिवसाचं ऊन गेलं नसतं. तुम्ही दोघी आज इथे असता."

"हो गं," मावशी म्हणाल्या. "खरं आहे तुझं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तो खुर्ची सरकवत होता आणि मी ते बघितलं. एकदा बघितल्यावर मग काय करणार, सांग बरं?"

तिकडून नलूमावशींचा आवाज आला, "कुंदे, भाजीवाला थांबलाय, मेथी घेऊ की पालक?" मावशी म्हणाल्या, "मेथी घे, मी आलेच," आणि मला म्हणाल्या, ठेवते गं. दोघी एका घरात आहेत, जमिनीला लागून, एकमेकींच्या नजरेसमोर. त्याचा मला आनंद आहे, अगदी मनापासून आहे. तरी फोन ठेवल्यावर मी रडले, कारण मला त्या इथे हव्या होत्या.