एक वेढा सुलटा, एक उलटा

काल सून एक्स्टेंशनची वायर कोपराभोवती गुंडाळत होती. तापलेल्या रबराचा वास आला आणि मला नव्वदच्या दशकातलं मीरा रोडचं मैदान आठवलं. साउंडच्या कामात तिथे मी एकटीच बाई. भर दुपारी माइकची केबल एक वेढा सुलटा, एक उलटा घालत गुंडाळत होते.

कॉन्ट्रॅक्टर ओरडला, "ताई, कोपराला गुंडाळा ना, जल्दी! सगळे तसंच करतात."

"म्हणूनच सगळ्यांच्या केबल आतून तुटतात."

"शहाणपणा नको. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मी टोक धरून गुंडाळी फेकली. एकही गाठ न पडता ती स्टेजपर्यंत सरळ उलगडली. "आता तुमची फेका."

त्याने फेकली नाही. मला पुन्हा बोलावलंही नाही. तेव्हा घरी येऊन रडले होते. आज त्या रडण्याचाच राग येतो. केबल माझी होती, अजून माझ्याकडेच आहे. अजून सरळच उलगडते.