दोन टाके मागे

आमचे हे आजारी पडल्यापासून त्यांच्या थापा पकडणं महाकठीण झालंय. पूर्वी बरं होतं. खोटं बोलले की डावी भुवई वर जायची आणि मी म्हणायचे, "पुरे, कळलं." आता पार्किन्सन झाला आणि चेहराच हलेनासा झाला. हसू नाही, राग नाही, भुवई तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात. ह्यांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून मोकाट सुटले. किराणावाल्याने विचारलं, "काका, हात का हो थरथरतोय?" तर हे शांतपणे म्हणाले, "फोन वाजतोय. उचलू की नको, ठरत नाहीये." तो बिचारा ह्यांच्या हातात फोन शोधत बसला.

धंदा शिंप्याचा. घर रस्त्याच्या या बाजूला तळमजल्यावर आणि दुकान बरोबर समोर. खिडकीत उभं राहिलं की मला दुकानाचं शटर दिसतं, आतली मशीन दिसते, आणि हे गिऱ्हाइकाशी किती वेळ गप्पा हाणतायत तेही दिसतं. उभा जन्म त्यांनी तिथे कोट आणि पँटी शिवल्या. आजारपणात बारीक काम सुटलं, पण सरळ शिलाई मारायला काही अडत नव्हतं. गंमत बघा, चालताना जमिनीला चिकटणारे पाय मशीनवर बसले की धावायला लागायचे.

घोळ झाला तो रस्त्यात. दुपारी जेवायला घरी येताना ऐन मधोमध ह्यांचे पाय थिजले. पुढे जाईनात, मागे येईनात. बस आली, करकचून ब्रेक लागला, लोक धावले आणि ह्यांना उचलून कडेला आणलं. आमचा मुलगाही बसच चालवतो. त्या बसचा ड्रायव्हर त्याचा दोस्त, त्यामुळे संध्याकाळी बातमी तिखटमीठ लावून घरात हजर. पोराने खुंटीवरची दुकानाची किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"बाबा, कुणाचा हात न धरता हा रस्ता ओलांडून दाखवा, त्या दिवशी किल्ली परत. तोवर दुकान बंद."

मला वाटलं, आता हे काहीतरी वाकडं बोलणार. पण हे खिडकीशी खुर्ची ओढून बसले आणि बंद शटरकडे बघत राहिले. पुढचे कितीतरी दिवस एकही थाप नाही. मला मेलीला तेव्हा खरी भीती वाटली. आजाराची वाटली नव्हती तेवढी.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "काका, एखादं वाद्य शिका. आजार जाणार नाही, पण तालाची सवय लागली की पायांना आधार मिळतो." आमच्या गल्लीत एक बाई राहतात, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे पायपेटी होती. खुर्चीवर बसायचं, दोन्ही पायांनी भाता हलवायचा आणि हाताने पट्ट्या दाबायच्या. बाईंनी ती आमच्याच खोलीत आणून ठेवली. ह्यांनी तिला सगळीकडून निरखलं आणि म्हणाले, "मशीनच आहे की. फक्त कापड नाही." खिडकीतल्या त्या खुर्चीतून उठून बोललेलं पहिलं वाक्य. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि तशीच बाहेर येऊन ओरडले, "बसा आता, बाई खोळंबल्यात!"

बसले ते मशीनवर बसल्यासारखेच. पाय असे सुटले की पेटी हंबरायला लागली. वरच्या मजल्यावरचं तान्हं पोर दचकून रडायला लागलं.

"अहो हळू!" बाई किंचाळल्या. "कोट नाही शिवायचा!"

"अर्जंट ऑर्डर आहे, बाई."

पाय हळूहळू ताळ्यावर आले. बोटं थरथरत का होईना, पट्ट्यांवर पडायला लागली. बाईंनी एक साधी चाल बसवून दिली, शाळेत पोरांना रांगेत चालवायची. ती ह्यांना बऱ्यापैकी यायची. पण एक खोड काही जाईना. ओळ संपली की हे शेवटचे दोन सूर पुन्हा वाजवायचे आणि मगच पुढची ओळ धरायचे. प्रत्येक ओळीला. बाई म्हणायच्या, "तिथे थांबायचं!" हे मान डोलवायचे आणि पुन्हा तेच करायचे.

"का पण?" एकदा बाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

"बाई, शिलाई संपली की दोन टाके मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं आणि मग दोरा तोडायचा. नाहीतर टोक उसवतं."

"गाणं नाही उसवत!"

"तुमचं नसेल उसवत. मी गॅरंटीचं काम करतो."

मी पदर तोंडात कोंबून हसले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही." पण दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या.

खरी कटकट पुढेच होती. बाई पेटी वाजवायच्या आणि हे त्या चालीवर खोलीत चालायचे. सुरुवातीला उंबऱ्याशी अडायचे, मग अडणं कमी झालं. पाय कसे टापटीप पडायला लागले. पण ओळ संपली रे संपली की हे दोन पावलं मागे! पायांनीसुद्धा टाका पक्का करायचा! माझा जीव वरखाली व्हायला लागला.

"हे बघा," मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं, "खोलीत काय हवे ते नखरे करा. रस्त्यात मागे आलात तर मागच्या गाडीखाली जाल. आणि पोरगा किल्ली तर देणार नाहीच, मलाच बोलेल."

"बरं," हे म्हणाले. इतक्या गुणी माणसासारखं 'बरं' म्हणाले की मला तिथेच संशय यायला हवा होता. पण भुवई असती तर ना!

परीक्षेचा दिवस पोराच्या सुट्टीचा ठरला. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. पोरगा समोर दुकानाच्या पायरीवर उभा, हातात किल्ली. बाई खिडकीशी पेटी ओढून बसलेल्या, पेटीचा आवाज रस्त्यात पोचावा म्हणून. मी फाटकापाशी. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि माझ्याकडे न बघता निघाले.

पहिली ओळ छान गेली. बाईंनी जोर लावला होता, पाय तालात पडत होते. हे मध्यावर पोचले आणि कोपऱ्यावरून पाण्याचा टँकर वळला. त्याने जो हॉर्न दाबला, त्यात पेटी पार बुडाली. आणि ह्यांचे पाय थिजले. अगदी तिथेच, जिथे मागच्या वेळी थिजले होते.

मला फाटकाची कडी सापडेना. समोर पोरगा पायरी उतरला. टँकर थांबला होता, पण त्याचा हॉर्न थांबत नव्हता. हे पुतळ्यासारखे उभे, फक्त हात थरथरतोय. पोराने किल्ली खिशात टाकली आणि धावायला पाऊल उचललं. ते मला इथून स्पष्ट दिसलं, आणि मनात आलं, संपलं. आता हा माणूस उरलेला जन्म त्या खुर्चीत काढणार.

तेवढ्यात ह्यांनी एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. मी ओरडले, "अहो, मागे नका येऊ!" कोण ऐकतंय! दोन पावलं मागे आले, क्षणभर थबकले आणि त्याच झोकात पुढे निघाले. एक, दोन, तीन, ओठ हलत होते, चाल तोंडातल्या तोंडात चालू होती. टँकरवाल्याचा हॉर्न आपोआप बंद पडला. हे टाप टाप करत पलीकडे गेले, पायरी चढले आणि पोरापुढे हात पसरून उभे राहिले.

पोराच्या डोळ्यांत पाणी. "बाबा, मध्येच अडकलात ना? जीव गेला माझा."

मी धापा टाकत तिथे पोचले तेव्हा हे त्याला सांगत होते, "अडकतोय कुठला! टाका पक्का करत होतो. तुमची जरा गंमत केली."

"खरंच?" पोराने माझ्याकडे बघितलं. त्याच्या बाबांच्या तोंडावर तर काही लिहिलेलंच नसतं.

मी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. सकाळी इस्त्री केलेला शर्ट पाठीला चिकटला होता, पिळला असता तर पाणी निघालं असतं. आत काळीज धडधडत होतं ते माझ्या तळहाताला लागत होतं.

"मग काय!" मी म्हटलं. "चावट आहे मेला माणूस, तुला माहीत नाही का? दे त्यांची किल्ली."

पोराने किल्ली दिली. हे आत गेले, मशीनवर बसले आणि पाय सोडले. त्या ओल्या शर्टाबद्दल मी पोराला अजून सांगितलेलं नाही.